वाढत्या अंगाचे यंत्र

आपल्या मध्यमवर्गीय घरांत कोणतीही वस्तू अगदी बेताच्या मापाची घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, अशी एक जुनी समजूत आहे. मुलाला सदरा शिवायचा तो वाढत्या अंगाचा. बूट घ्यायचे ते पुढच्या जूनमध्ये नीट बसतील असे; तोवर पुढे कापसाचा बोळा कोंबायचा आणि चालायचे. घरात माणसे चार असली तरी कुकर आठांचा, कारण सणावारी पाहुणे येणार. माझ्या मुंजीत शिवलेला कोट मला मॅट्रिकच्या वर्षी अंगाबरोबर झाला. तेव्हा त्याची कोपरे विरली होती. तरीही आईच्या मते तो कोट ‘वसूल’ झाला होता.

याच धोरणावर मी सदतीस वर्षे बँकेत खातेवह्या लिहिल्या आणि संसारही केला, तेव्हा त्याची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. सदऱ्याला आणि कुकरला ते लागू पडते हे मला मान्य आहे. पण समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेटीला, आणि त्या पाण्यातली मळी काढणाऱ्या एका यंत्राला ते लागू पडते का, हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला आणि त्याने आमचे तीन आठवडे खाल्ले.

आमची मुलगी आणि जावई जर्मनीत स्टुटगार्टला असतात. मुंबई आणि स्टुटगार्ट या १९६८ पासून भगिनी-नगरी आहेत, हे मला तिथे गेल्यावर समजले. बहिणींच्या स्वभावात मात्र फारसे साम्य नाही. थोरली रात्री बारालाही बडबडत असते. धाकटी रविवारी दुकानाचे दारसुद्धा उघडत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे तीन महिन्यांच्या व्हिसावर तिथे जाऊन पोहोचलो, तेव्हा दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी एक पेटी उभी होती. लांबी एक मीटर, रुंदी आणि उंची अर्धा-अर्धा मीटर. आत निळसर उजेड, खडकांची एक लहानशी टेकडी, आणि त्या टेकडीवर वाऱ्यात भाताची रोपे डोलावीत तसे डोलणारे मऊ प्रवाळ.

लहानपणी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभा राहिलेला मी. १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय म्हणजे आमच्या पिढीच्या मुलांचे समुद्राखालचे विद्यापीठ. त्यामुळे माशांचे मला अगदीच वावडे नव्हते. पण इथे मासे म्हणजे निमित्त होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली विदूषक माशांची एक जोडी, अर्धा जांभळा आणि अर्धा पिवळा असा एक दुरंगी मासा, आणि वाळूत एक खरबी व तिची भाडेकरू कोळंबी. ही कोळंबी दिवसभर बीळ खणते. तिला दिसते जेमतेम. खरबी दारात बसून पहारा करते आणि संकट दिसले की शेपटी हलवून तिला आत पिटाळते. आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्याला हे दाखवायला हवे, असे मला तेव्हा वाटले.

पेटीच्या खालच्या कपाटात दुसरी एक टाकी होती. वरचे पाणी तिच्यात उतरते आणि पंपाने पुन्हा वर जाते. तिला तिकडेही ‘सम्प’च म्हणतात हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना फार घरच्यासारखे वाटले. या सम्पमध्ये जे मुख्य यंत्र बसवायचे असते त्याचे नाव प्रोटीन स्किमर. पेटी जुनी विकत घेतलेली. तिच्याबरोबर आलेल्या स्किमरला तडा गेला होता आणि तो गळत होता. नवा घ्यायचा होता. तो केवढा घ्यायचा, एवढाच काय तो प्रश्न.

यंत्र करते काय, हे जावयांनी मला दोन वेळा समजावले. शास्त्रीय भाषा ऐकून मी मान डोलावली. खरे कळले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात. सौभाग्यवतींनी रव्याच्या लाडवांसाठी पाक चढवला होता. साखर विरघळून उकळी आली तसा त्यांनी दुधाचा शिपका मारला, कडेला करडी मळी जमली, आणि ती त्यांनी चमच्याने अलगद काढून टाकली. जावई मागे उभे होते. ते म्हणाले, “आई, हेच! स्किमर हेच करतो.”

तेव्हापासून त्या यंत्राचे आमच्या घरातले नाव ‘मळीयंत्र’ पडले.

गंमत अशी आहे की प्रथिनांच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून असतो आणि दुसरा पाण्यापासून दूर पळू पाहतो. दोन्ही भागांना सुख लागते ते जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथेच. म्हणून पाण्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे सोडले की ही मंडळी त्या बुडबुड्यांना जाऊन चिकटतात. बुडबुडे वर चढतात, वर एका नळीसारख्या गळ्यात फेस दाटतो, आणि तो हळूहळू वरच्या वाटीत उतू जातो. वाटीत जमते ते कडक चहाच्या रंगाचे, भयंकर वासाचे पाणी. माशांची विष्ठा, उरलेले अन्न, प्रवाळांचा बुळबुळीत स्राव यांतले जे कुजून पुढे विष व्हायचे, ते कुजण्याआधीच बाहेर पडते. गुऱ्हाळावर भेंडीचा चीक घालून रसावरची मळी काढणारा गुळव्या हे तत्त्व पुस्तकाविना जाणून असतो.

घरगुती टाक्यांत हे यंत्र फक्त खाऱ्या पाण्यातच नीट चालते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भसाभस वर निघून जातात. मीठ त्यांना मिसळू देत नाही. ते बारीक राहतात, रेंगाळतात, आणि रेंगाळतात म्हणूनच त्यांना काही चिकटते. आजच्या यंत्रांत पंपाच्या चक्रावर सुयांसारखे काटे असतात. ते हवा कातरून इतकी बारीक करतात की आतले पाणी दुधासारखे दिसते. पूर्वी हेच काम लाकडाच्या सच्छिद्र ठोकळ्यातून हवा फुंकून करीत.

घरगुती मत्स्यालयात हे यंत्र रुळले ते जर्मनीतच. १९६० च्या दशकात एर्विन सांडर यांनी तिथे असे स्किमर बनवले. पुढे १९७० नंतरच्या काळात बर्लिनच्या हौशी मंडळींनी ठरवून टाकले की समुद्रातले सच्छिद्र, जीवजंतूंनी भरलेले खडक आणि एक दणकट स्किमर एवढे असले की प्रवाळ घरात जगतात. या पद्धतीला आजही ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात. हा ‘दणकट’ शब्दच साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे असे माझे मत झाले आहे. कारण १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत जगापुढे मांडली ती नुसते जिवंत खडक, थोडी हवा आणि सूर्यप्रकाश यांवर. तिच्यात स्किमर नव्हताच. त्यांना समुद्र हाताशी होता. बर्लिनला समुद्र नाही. प्रत्येकाने आपापल्या गरजेचे माप काढले होते. मागाहून येणाऱ्यांनी माप टाकून दिले आणि ‘दणकट’ तेवढे उचलले.

जावई हे मागाहून येणाऱ्यांपैकी. त्यांच्यासमोर तीन खोक्यांची चित्रे होती. पहिल्यावर लिहिले होते ‘२५० लिटरपर्यंत’. दुसऱ्यावर तीन आकडे होते : मासे थोडे असतील तर ५०० लिटर, मध्यम असतील तर ३५०, आणि गर्दी असेल तर २५०. तिसऱ्यावर दिमाखात ‘१००० लिटर’. जावयांचे बोट तिसऱ्यावर. “बाबा, पुढे कधी मोठी टाकी घेतली तर? एकदाच मोठं घेतलेलं बरं.”

हे वाक्य माझ्या आईचे होते. सात समुद्रांपलीकडे, संगणक अभियंत्याच्या तोंडून, तिच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी ते ऐकून मला भरून आले. पण मी हिशेबनीस आहे. मी मुलीकडे मोजपट्टी मागितली.

पहिले काम म्हणजे पेटीत पाणी किती आहे ते शोधणे. सगळे तिला ‘अडीचशे लिटरची’ म्हणत होते. ते बाहेरचे माप. काचेची जाडी वजा केली आणि पाणी काठाखाली जिथे थांबते तिथपर्यंतच धरले, तर लांबी ९८, रुंदी ४८, उंची ४६ सेंटिमीटर. म्हणजे २१६ लिटर. खडक आणि वाळू यांनी अडवलेली जागा अंदाजे १८ लिटर, राहिले १९८. खालच्या सम्पमधले ४७ मिळवले की एकूण २४५. योगायोगाने आकडा बोलीतल्या आकड्याशी जुळला. पण सम्प नसता तर तीच ‘अडीचशे’ची पेटी दोनशेचीही भरली नसती. खोक्यावरचा आकडा वाचण्याआधी आपला आकडा माहीत असावा, हा बँकेतला पहिला धडा.

दुसरा धडा असा की समोरच्याचा आकडा कोणी ठरवला ते विचारावे. स्किमरच्या खोक्यावरच्या लिटरांना सर्वांनी मानलेले असे एक प्रमाण नाही. प्रत्येक कारखानदार आपापल्या हिशेबाने लिहितो. एकाचे ‘५००’ आणि दुसऱ्याचे ‘५००’ यांची गाठ पडेलच असे नाही. त्यातल्या त्यात मला भरवशाचे वाटले ते दुसरे खोके, कारण त्याने तीन आकडे देऊन एक गोष्ट कबूल केली होती : लिटर हे खरे माप नव्हेच.

मग खरे माप कोणते? ते आम्हाला एका दुकानदाराने सांगितले. शनिवारी आम्ही पाचही जण त्याच्या दुकानात गेलो. सत्तरीचा गृहस्थ, चष्मा दोरीला बांधलेला. जावयांनी पेटीची लांबी-रुंदी सांगायला सुरुवात केली, तर त्याने हात वर केला आणि एकच प्रश्न विचारला. नातवाने तो आम्हाला मराठीत सांगितला : “ते विचारतात, माशांना रोज किती खायला घालता?”

“एक वडी,” जावई म्हणाले. ही वडी म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंबीचा तीन-साडेतीन ग्रॅमचा ठोकळा.

“आणि मी सकाळी ऑफिसला जाताना चिमूटभर सुकं घालते,” मुलगी म्हणाली.

जावयांनी तिच्याकडे पाहिले. नातू जरा थांबून म्हणाला, “शाळेतून आल्यावर मी पण घालतो. थोडंसंच.”

यावर आमच्या सौभाग्यवती पुढे झाल्या. “अहो, दुपारी ते बिचारे काचेला तोंड लावून उभे असतात. घरी माणूस असताना कुणाला उपाशी ठेवायचं का? मी अर्धी वडी टाकते.”

नातवाने हे सारे प्रामाणिकपणे जर्मनमध्ये सांगितले. दुकानदार हसला नाही. त्याने त्या दिवशी आम्हाला यंत्र विकलेच नाही. आठवडाभर लिहून ठेवा आणि मग या, म्हणाला. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला परत पाठवण्याचा असा प्रसंग मी पुण्याबाहेर प्रथमच पाहिला, आणि तोही गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी.

लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. नातवाच्या वहीत मी दोन रकाने आखले, जमा आणि खर्च. पेटीत जे पडेल ते जमा. वडी, चिमूट, दुपारची अर्धी वडी. खर्चाच्या बाजूला माशांचे वाढणे, काचेवरून खरवडलेले शेवाळ, आणि रविवारी बदललेले २५ लिटर पाणी. घरात मी वही घेऊन बसलो आहे हे दिसताच सगळ्यांचे हात आपोआप आखडले. तरीसुद्धा सात वड्यांच्या जागी आठवड्याची जमा, सुके खाणे धरून, साडेतेरा वड्यांच्या घरात गेली. चार मासे आणि एक कोळंबी यांसाठी! कागदावर आमची पेटी ‘मासे थोडे’ या वर्गात होती. प्रत्यक्षात ती ‘गर्दी’त बसत होती. मळी माशांच्या संख्येने होत नाही, ती घातलेल्या घासांनी होते. आणि घरातल्या प्रत्येकाला वाटत होते की घास घालणारे आपण एकटेच.

या वहीने घरात थोडे वातावरण तापले. सौभाग्यवती दोन दिवस माशांशी आणि माझ्याशी, दोघांशीही बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. खाणे दिवसातून एकदा, संध्याकाळी, सगळे घरी असताना. आणि घालण्याचा मान वारांप्रमाणे. सोमवार-गुरुवार आजी, मंगळवार-शुक्रवार नातू, बुधवार-शनिवार मुलगी, रविवारी जावई. माशांचे खाणे निम्म्यावर आले आणि पाहणारी माणसे पाच झाली. यंत्र अजून घरात यायचे होते, पण मळीयंत्राचे अर्धे काम त्या दिवशीच झाले असे मी समजतो.

आता खाणे ठरले, तेव्हा यंत्र ठरवणे सोपे झाले. पहिले खोके २५० लिटरचे. ते आमच्या पाण्याला काठोकाठ. कधी पाहुणे आले आणि दोन वड्या जास्त पडल्या, तर त्याला दम लागणार. स्किमर अपुरा पडला की उरलेली मळी पाण्यात कुजते, तिचा अमोनिया होतो, त्याचे पुढे नायट्रेट होते, फॉस्फेट साठते, आणि खडकांवर हिरव्या शेवाळाचा गालिचा चढतो. शिवाय बुडबुड्यांतून पाण्याला प्राणवायू मिळतो, तोही कमी पडतो. हे सर्वांना पटले.

तिसरे खोके का नको, हे पटवणे कठीण होते. जास्त शक्ती असली तर बिघडते काय, असे जावई विचारीत. त्याचेही उत्तर स्वयंपाकघरातच होते. नुसत्या पाण्याला कितीही उकळी आणा, ते डाळीसारखे उतू जात नाही. डाळ घातली की पाच मिनिटांत शेगडी भरते. फेस टिकतो तो मळीच्या जिवावर. हजार लिटरच्या यंत्राचा गळा रुंद. त्याला भरायला मळीही तेवढी हवी. आमच्या चार माशांची मळी त्या रुंद गळ्यात पसरून जाणार, फेस अर्ध्या वाटेवर बसणार, आणि वाटीत कधी काहीच नाही तर कधी एकदम पाणी, असा लहरी कारभार होणार. सदरा सैल झाला तर बाह्या दुमडता येतात. फेसाला दुमडता येत नाही.

शिवाय स्किमर म्हणजे सर्वशक्तिमान नव्हे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी सहकाऱ्यांबरोबर वेगवेगळी यंत्रे मोजून पाहिली आणि २००९-१० मध्ये निष्कर्ष छापले. पाण्यात जो एकूण सेंद्रिय कार्बन असतो, त्यातला सुमारे २० ते ३५ टक्केच स्किमर काढू शकतो. बाकीचे पदार्थ बुडबुड्यांना चिकटतच नाहीत. मग यंत्र कितीही मोठे असो. आणि यंत्रायंत्रांत फरक निघाला, पण तो जाहिरातींवरून वाटतो तेवढा नव्हता. ही माहिती जावयांनीच शोधून काढली आणि स्वतःच वाचून दाखवली, हा त्यांचा मोठेपणा.

राहिल्या दोन बारीक गोष्टी, ज्या खोक्यावर नसतात. कपाटाच्या आतली उंची ६२ सेंटिमीटर. तिसरे यंत्र ५८ सेंटिमीटर. बसले असते, पण त्याची वाटी धुण्यासाठी वर उचलायला जागाच उरली नसती. आठवड्यातून दोनदा जे धुवायचे ते निघत नसेल, तर त्याच्या शक्तीचे काय लोणचे घालायचे? दुसरी गोष्ट विजेची. स्किमर चोवीस तास चालतो. दुसऱ्या यंत्राचा पंप १२ वॅटचा, वर्षाला १०५ युनिटे. तिसऱ्याचा ३० वॅटचा, वर्षाला २६३. हा फरक मी वहीत लाल शाईने लिहिला.

इतके सगळे होऊनही जावई तिसऱ्या खोक्यावरून नजर काढीनात. त्याचे कारण मला एका रात्री नातवाकडून कळले. वय बारा, इतर वेळी माझ्याशी बोलायला त्याच्याकडे फारसे विषय नसत. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, मोठं मशीन घेतलं तर आपल्याला डोरी आणता येईल. बाबांनी प्रॉमिस केलंय.”

डोरी म्हणजे २००३ सालच्या सिनेमातला तो निळाजांभळा, पिवळ्या शेपटीचा विसरभोळा मासा. दुकानात तो रुपयाएवढा मिळतो. मोठा होतो तेव्हा सुमारे ३० सेंटिमीटर भरतो, आणि तो स्वभावाने भटक्या. दिवसभर खडकांवरून येरझारा घालणारा. त्याची पिल्ले बंदिस्त जागेत प्रथम वाढवता आली ती २०१६ मध्ये, फ्लॉरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना. आजही बाजारात येणारे हे मासे बहुतेक समुद्रातूनच धरलेले असतात. म्हणजे तीन आठवडे आम्ही ज्याला यंत्राचा वाद समजत होतो, तो या एका माशाच्या आयुष्याचा वाद होता. मोठे यंत्र हा त्या माशासाठी काढलेला परवाना होता.

मी त्याला चाळीची गोष्ट सांगितली. आमच्या चाळीत एका खोलीत आम्ही नऊ माणसे राहत होतो. मजल्याच्या टोकाला संडास होते, ते एका वर्षी मालकाने मोठे आणि स्वच्छ बांधून दिले. सर्वांना आनंद झाला. पण रात्री झोपताना माझे पाय पूर्वीसारखेच काकांच्या उशाशी जात होते. संडास मोठा झाला म्हणून खोली मोठी होत नाही.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे मशीन घाण काढेल, पण जागा नाही देणार.”

“नाही देणार.”

“मग मोठी टाकी घेऊ.”

“ते बाबांना विचार.”

दुसऱ्या दिवशी त्याने विचारले. जावई म्हणाले, मोठे घर घेऊ तेव्हा. स्टुटगार्टमध्ये मोठे घर घेणे म्हणजे काय, हे त्या बारा वर्षांच्या मुलालाही ठाऊक होते. त्याने फ्रिजवर लावलेल्या यादीतले डोरीचे नाव पेन्सिलीने खोडले. पेनने खोडले नाही, हे माझ्या आणि त्याच्या बापाच्याही ध्यानात आले. त्या दिवशी जावई नेहमीपेक्षा लवकर झोपायला गेले. मुलाला दिलेला शब्द मागे घेणे कोणत्याही बापाला जड जाते. आमच्या वेळीही जात असे, फक्त आम्ही ते दाखवीत नव्हतो.

दुसरे खोके घरी आले ते दिवाळीच्या आठ दिवस आधी. आमचे पाणी २४५ लिटर, त्याचा ‘गर्दी’चा आकडा २५०, आणि आमचे खाणे आता मध्यम. मी वहीखाली रेघ मारली. यंत्र सम्पमध्ये सांगितलेल्या खोलीवर ठेवले, कारण पाण्याची उंची दोन बोटे इकडेतिकडे झाली तरी फेस बिघडतो. पहिले चार दिवस वाटी कोरडी! मुलगी घाबरली, पण नव्या यंत्राच्या आतल्या भिंतींवर पातळ थर बसेपर्यंत ते असेच वागते, कधी आठवडा तर कधी दोन. नव्या सुनेला घर कळायला लागतो तेवढा वेळ त्याला द्यावा, असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. पाचव्या दिवशी तपकिरी फेसाचा पहिला थेंब वाटीत पडला, तेव्हा फटाके तेवढे उडवायचे राहिले.

तेलाने फेस बसतो, ही आणखी एक गोष्ट. तेलकट हात पाण्यात गेला की यंत्र काही तास मुकाट होते. म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर सौभाग्यवतींनी पेटीवर कागद चिकटवला : ‘आज कोणी हात घालू नये.’ चकल्या तळून झाल्यावर तोच कागद दुसऱ्या दिवसासाठीही कामी आला.

हे वाचून इथल्या कोणाला हुरूप आला, तर एक सांगणे आहे. प्रवाळ आपल्याकडेही आहेत. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात आहेत. पण दगडी प्रवाळांना आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. ते समुद्रातून काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. कुणी दुकानदार पिशवीत घालून कितीही स्वस्तात देऊ लागला तरी हात मागे घ्यावा. खाऱ्या पाण्याची शंभर लिटरच्या आतली लहान पेटी, तिच्यात पैदास केंद्रात जन्मलेली विदूषक माशांची जोडी, आणि दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलण्याची शिस्त, एवढ्यावर भागते. त्या मापाला स्किमर नसला तरी चालतो. शिस्त नसेल तर हजार लिटरचाही पुरत नाही.

आणि पेटी घेण्याआधी आपले वयही मोजावे. विदूषक मासा नीट सांभाळला तर वीस वर्षांहून अधिक जगतो. मी सत्तरीचा. स्टुटगार्टच्या त्या जोडीचे म्हातारपण बघायला मी असेन असे नाही, नातू असेल. म्हणूनच मला त्याचे पेन्सिलीने खोडणे आवडले. आज त्याला झेपेल तेवढेच त्याने आज घेतले, आणि उद्यासाठी खूण ठेवली.

आम्ही जानेवारीत परत आलो. दर रविवारी फोन असतो. पूर्वी सौभाग्यवती आधी तब्येती विचारीत, मग हवा, मग जेवण. हल्ली क्रम बदलला आहे. फोन कानाला लावताच त्या पहिला प्रश्न करतात, “अगं, या आठवड्यात मळी किती निघाली?” आणि उत्तर ऐकून, पलीकडे चौघांच्या घासांचा हिशेब बरोबर चालला आहे की कुणी लपूनछपून वडी टाकतो आहे, ते बरोबर ओळखतात.